गाडीची पाटी आणि सात अक्षरं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



पुढे चाललेल्या गाडीचा नंबर वाचायची सवय आपल्यापैकी बहुतेकांना असते. एमएच-१२ म्हणजे पुणं, एमएच-०९ म्हणजे कोल्हापूर. घाटात कुणी चुकीच्या बाजूनं गाडी घुसवली की आधी त्याच्या नंबराकडे बघायचं आणि मग 'वाटलंच मला' म्हणायचं. हा खेळ एरवी निरुपद्रवी असतो. नेहमीच असतो असं मात्र नाही. डिसेंबर २०२२मध्ये सीमाप्रश्न तापला, तेव्हा बेळगावजवळ महाराष्ट्राचा नंबर असलेल्या मालमोटारींवर दगड पडले आणि पुण्यात कर्नाटकच्या बसगाड्यांना काळं फासलं गेलं. आत बसलेला ड्रायव्हर कोण, कुठला, त्याचं या वादात काही मत आहे का, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही. पाटी वाचली, तेवढं पुरेसं होतं.

आज मी ज्या देशाविषयी बोलणार आहे, तिथे हे पाटी वाचणं काही वर्षं जिवावर बेतत होतं. त्यावर उपाय म्हणून तिथे अशी पाटी मुद्दाम तयार करण्यात आली, की जी वाचून गाडी कुठली आणि कुणाची हे कळूच नये. हा देश म्हणजे बोस्निया-हर्झेगोविना. पूर्वीच्या साम्यवादी युगोस्लाव्हियाच्या सहा घटक प्रजासत्ताकांपैकी एक.

मार्शल टिटोंच्या त्या युगोस्लाव्हियात गाडीच्या पाटीवर आधी शहराची दोन अक्षरं असत, मग पाच टोकांचा एक छोटा लाल तारा, आणि मग आकडे. बेलग्रेडची गाडी 'बीजी', झाग्रेबची 'झेडजी', साराजेव्होची 'एसए', मोस्तारची 'एमओ'. म्हणजे आपल्यासारखंच, गाव कळायचं. पण गाव कोणतंही असलं तरी मधला तारा सगळ्यांचा एकच होता. राज्यकर्त्यांना जे सांगायचं होतं ते त्या पाटीत नेमकं मावलेलं होतं: तुम्ही कुठलेही असा, एका ताऱ्याखाली आहात. १९८०मध्ये टिटो गेले आणि पुढच्या दहा वर्षांत ताऱ्याचं महत्त्व कमी होत गेलं, आधीच्या दोन अक्षरांचं वाढत गेलं. देश फुटायला आला त्या सुमारास समुद्रकिनारी सुटीला गेलेल्या बेलग्रेडच्या गाड्यांचे टायर फाडल्याच्या तक्रारी ऐकू येऊ लागल्या. १९९१मध्ये स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया वेगळे झाले. एप्रिल १९९२मध्ये बोस्नियात युद्ध पेटलं.

बोस्नियाची अडचण अशी, की तिथे कुणा एकाचं बहुमत नव्हतं. १९९१च्या जनगणनेत सुमारे ४४ लाख वस्ती. त्यात साधारण ४४ टक्के मुसलमान, ज्यांना आता बोस्नियाक म्हणतात. ३१ टक्के ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती सर्ब. आणि १७ टक्के कॅथलिक क्रोएट. भाषा तिघांची जवळपास एकच. चेहरेपट्टी एकच. जेवण एकच, आणि छोट्या कपातली दाट कॉफीही एकच. फरक धर्माचा, नावांचा आणि थोडाफार लिपीचा. सर्बांचा ओढा सिरिलिक लिपीकडे, बाकी दोघांचा रोमनकडे. एकच कोकणी गोव्यात कुणी नागरीत लिहितो, कुणी रोमीत, तसंच काहीसं. आणि गोव्यातल्या त्या वादाची ज्यांना कल्पना आहे, त्यांना लिपी ही नुसती लिहायची सोय नसते हे सांगायला नको. युगोस्लाव्हियाच्या काळात बोस्नियातली शाळकरी मुलं दोन्ही लिप्या शिकत. युद्ध सुरू झाल्यावर लिपी हीसुद्धा निशाणी झाली.

पावणेचार वर्षांच्या त्या युद्धात सुमारे एक लाख माणसं मेली आणि वीस लाखांहून जास्त लोकांना घर सोडावं लागलं. त्याचा सगळा इतिहास सांगायला हा वेळ पुरणार नाही. आपल्या विषयापुरतं इतकंच, की तीन सैन्यं होती, त्यामागे तीन राज्यकारभार होते, आणि प्रत्येकानं आपापली गाड्यांची पाटी काढली होती. साराजेव्होच्या सरकारच्या पाटीवर लिलीची फुलं असलेली ढाल. क्रोएटांच्या पाटीवर तांबड्या-पांढऱ्या चौकटींचा पट, क्रोएशियाच्या फुटबॉल संघाच्या अंगावर दिसतो ना, तोच. आणि सर्बांच्या पाटीवर सिरिलिक अक्षरं आणि सर्ब राष्ट्रीय चिन्ह. पूर्वी पाटी गाव सांगायची. आता ती थेट सांगू लागली की हा आपला की त्यांचा.

अमेरिकेतल्या डेटन इथे तह ठरला, १४ डिसेंबर १९९५ला पॅरिसमध्ये त्यावर सह्या झाल्या आणि बंदुका थांबल्या. तहानं देश एकच ठेवला, पण आत दोन घटक मान्य केले. बोस्नियाक आणि क्रोएट यांचं मिळून एक संघराज्य, आणि सर्बांचं रेपुब्लिका स्रप्स्का. (हे शेजारच्या सर्बिया या देशाहून वेगळं, बरं का.) दोघांच्या मधून हजार-अकराशे किलोमीटर लांबीची एक रेषा गेली. ही काही सरहद्द नव्हे. तिथे पासपोर्ट लागत नाही, जकात नाही. तहाच्या मसुद्यात स्वच्छ लिहिलं होतं, की प्रत्येक नागरिकाला देशभर कुठेही जाता-येता येईल आणि पळून गेलेल्यांना आपापल्या घरी परतता येईल.

कागदावर हे ठीक होतं. पण समजा, साराजेव्होचा माणूस आपल्या जुन्या गावात घराच्या भिंती तरी शिल्लक आहेत का ते बघायला गाडी घेऊन निघाला. रेषा ओलांडली की त्याची पाटी त्याच्या आधी बोलायला लागायची. पलीकडचा पोलीस शिट्टी वाजवायचा. कधी नसलेल्या कायद्याखाली दंड, कधी 'प्रवेश कर', कधी तासन्‌तास चौकीत बसवून चौकशी, कधी गाडीच जप्त. पोलिसांनी सोडलं तर पुढच्या वळणावर पोरांचे दगड. उलट दिशेनं येणाऱ्या सर्बाची अवस्था याहून बरी नव्हती. साराजेव्होच्या टॅक्सीवाल्यांचं तर मोठंच अवघड. ही रेषा शहराच्या अगदी कडेनं जाते. दोब्रिन्या नावाच्या वसाहतीत ती चक्क राहत्या इमारतींमधून गेली होती आणि ते भांडण मिटवायला २००१मध्ये एका आयरिश न्यायाधीशाचा लवाद नेमावा लागला. एका शहरातून शेजारच्या शहरात जायचं, अंतर आपल्या शिवाजीनगर ते स्वारगेट एवढं, पण टॅक्सी रेषेपाशी थांबणार. उतारू उतरणार, चालत पलीकडे जाणार आणि पलीकडच्या पाटीची दुसरी टॅक्सी धरणार.

संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संघटनेनं १९९६मध्ये रेषा ओलांडणाऱ्या बसगाड्या सुरू केल्या. त्यांच्यावर संघटनेची खूण असल्यामुळे अडवायची हिंमत कमी व्हायची. बसमध्ये बसायला लोक घाबरत घाबरत आले, पण आले. कुणाला आई भेटायची होती, कुणाला कबरीवर जायचं होतं. कबरींना भेट द्यायला गटानं निघालेल्या लोकांवर त्या वर्षी वारंवार दगडफेक झाली. १० फेब्रुवारी १९९७ला, ईदच्या दिवसांत, मोस्तारमध्ये पूर्व भागातले बोस्नियाक पश्चिम भागातल्या कबरस्तानाकडे चालत गेले, तेव्हा क्रोएट पोलिसांनी गोळीबार केला. एक माणूस मेला, वीसहून जास्त जखमी झाले. तिथे तर ती रेषाही नव्हती, दोन्ही बाजू एकाच घटकातल्या.

एक गंमत मात्र याच काळातली. उत्तरेला ब्रच्को शहराजवळ अमेरिकन सैन्याची एक चौकी होती, आणि त्या रस्त्याला सैनिकांनी 'ॲरिझोना' असं सांकेतिक नाव दिलेलं होतं. चौकीच्या आसऱ्यानं तिथे बाजार भरायला लागला. सर्ब, क्रोएट, बोस्नियाक, तिन्ही पाट्यांच्या गाड्या एकाच चिखलात उभ्या राहायच्या आणि सिगरेटी, कपडे, गुरं, काय वाटेल ते विकलं जायचं. राजकारण्यांना जे जमत नव्हतं ते भाव करताना जमत होतं. पुढे त्या बाजारात बरेच काळे धंदेही शिरले, हेही सांगायला हवं.

तहाच्या नागरी बाजूची अंमलबजावणी बघायला एक आंतरराष्ट्रीय 'उच्च प्रतिनिधी' नेमलेला होता. १९९७च्या मध्यापासून या जागेवर स्पेनचे कार्लोस वेस्टेनडॉर्प होते. त्याच वर्षी डिसेंबरात बॉन इथे भरलेल्या परिषदेत त्यांना जादा अधिकार मिळाले: स्थानिक नेते भांडत राहिले तर थेट निर्णय लादायचे. झेंडा, चलन, पासपोर्ट, सगळ्यावर भांडण अडलेलं होतं. झेंडा वेस्टेनडॉर्प यांनीच ठरवला, निळ्यावर पिवळा त्रिकोण आणि तारे, ज्यात कुणाच्याच इतिहासाचा काही अंश नाही. राष्ट्रगीताला चाल आहे, पण अधिकृत शब्द आजतागायत नाहीत. याची चेष्टा पुष्कळ होते. मला स्वतःला झेंड्यापेक्षा आणि गीतापेक्षा त्या पाटीचं काम जास्त मोलाचं वाटतं, कारण झेंड्याकडे बघून कुणी कुणाला रस्त्यात अडवत नव्हतं.

तर नवी पाटी. १९९८च्या सुरुवातीला ती आली. तीन आकडे, एक अक्षर, तीन आकडे. शहराचं नाव नाही, घटकाचं नाही, चिन्ह नाही. क्रमांक वाटताना त्यात प्रदेशाचा काही पत्ता लागू नये याची काळजी घेतलेली. राहिलं ते मधलं एक अक्षर. आता ते कोणत्या लिपीत लिहायचं? रोमन घातलं तर सर्ब चिडणार, सिरिलिक घातलं तर बाकीचे दोघे. दोन्ही घातली तर कुठली वर, कुठली खाली, यावर आणखी एक परिषद.

त्यावर जी तोड निघाली ती मला फार आवडते. दोन्ही लिप्यांत जी अक्षरं दिसायला सारखी आहेत आणि उच्चारालाही सारखी आहेत, तेवढीच घ्यायची. हे वाटतं तितकं सोपं नाही. दिसायला सारखी अक्षरं बरीच आहेत, पण ती फसवी. रोमन 'बी' सारखं दिसणारं अक्षर सिरिलिकमध्ये 'व' असतं. 'पी' सारखं दिसणारं 'र', 'सी' सारखं 'स', 'एच' सारखं 'न'. ही सगळी गाळली की उरतात सात: ए, ई, जे, के, एम, ओ, टी. पाटीवर 'के' असेल तर रोमन वाचणारा त्याला 'क' म्हणतो आणि सिरिलिक वाचणाराही 'क'च म्हणतो. आपली लिपी वापरली नाही अशी तक्रार दोघांपैकी कुणालाच करता येत नाही, कारण दोघांचीही वापरलेली आहे. गणित सोपं आहे: सहा आकड्यांच्या दहा लाख जुळण्या, गुणिले सात, म्हणजे सत्तर लाख. चाळीस लाखांच्या आतबाहेर वस्तीच्या देशाला भरपूर. टॅक्सींसाठी सुरुवातीला 'टीए' अशी दोन अक्षरं घेतली, तीही त्या सातांतलीच.

या सातांतल्या 'जे' या अक्षराची एक जुनी कथा आहे. सर्बियन सिरिलिकमध्ये ते मुळात नव्हतं. वुक काराजिच या भाषासुधारकानं १८१८च्या आपल्या शब्दकोशात लिपी सुटसुटीत केली, तेव्हा 'य' या उच्चारासाठी त्यानं ते लॅटिनमधून उचललं. त्यावर सर्ब धर्ममार्तंडांनी गहजब केला. हे कॅथलिकांचं अक्षर आमच्यात घुसवतोस काय, असा सूर होता. काराजिच बधला नाही. त्याच्या हट्टापायी, एकशेऐंशी वर्षांनंतर, पाटीला सहाऐवजी सात अक्षरं मिळाली.

पाटी लोकांनी आनंदानं लावली असं समजू नका. आपलं चिन्ह उतरवायचं म्हणजे हार पत्करायची, असं तिन्हीकडच्या पुढाऱ्यांनी ऐकवलं. म्हणून मुदती वेस्टेनडॉर्प यांच्याच कचेरीनं ठरवून दिल्या. त्यातही एक व्यवहारी शहाणपण होतं. जुनी पाटी घेऊन देशाबाहेर जाता येणार नाही, हे आधी लागू केलं. देशातल्या देशात जुनी पाटी बंद व्हायची तारीख त्यानंतरची. जर्मनीत, ऑस्ट्रियात नातेवाईक असलेली माणसं घरोघरी होती. तत्त्वासाठी किती दिवस गाडी दारात उभी ठेवणार? आणि एकदा पुरेशा लोकांनी नवी पाटी लावली, की जुनी पाटी लावणाराच ठळक दिसायला लागला.

परिणाम लवकर दिसला. रेषेवरची वर्दळ वाढली. लोक स्वतःच्या गाडीनं, संयुक्त राष्ट्रांची बस न शोधता, पलीकडे जाऊ लागले. चौकीवरच्या पोलिसाला आता गाडी थांबवल्याशिवाय काही कळत नव्हतं, आणि दिवसभरात सगळ्याच गाड्या थांबवणं कुणाला शक्य आहे? घरं परत मिळण्याचे कायदे १९९९पासून नेटानं राबवले गेले. ताबा मागायला, भिंती उभ्या करायला, दर शनिवार-रविवारी कौलं आणि सिमेंट घेऊन जुन्या गावी जायला गाडी लागतेच. सप्टेंबर २००४मध्ये निर्वासित संघटनेनं जाहीर केलं, की परतलेल्यांचा आकडा दहा लाखांवर गेला. याचं सगळं श्रेय पाटीला देणं हास्यास्पद होईल. परदेशी सैन्य होतं, पैसा होता, कायदा होता. पण पाटी बदलली नसती तर त्यांतले किती जण पहिल्यांदा नुसतं बघायला तरी गेले असते, असा प्रश्न मला पडतो.

पाटीच्या मर्यादाही झाकून ठेवण्यासारख्या नाहीत. गाडी थांबवून लायसन्स मागितलं, की त्यावरचं नाव सगळं सांगून टाकतं. मुहम्मद, इव्हान की द्रागान, एका शब्दात निकाल. ७ मे २००१ला बान्या लुका इथे, युद्धात उडवून दिलेल्या फरहादिया मशिदीच्या नव्या पायाभरणीला बोस्नियाक मंडळी बसमधून आली, तेव्हा जमावानं त्यांच्यावर हल्ला चढवला आणि बसगाड्या पेटवल्या. गाड्यांची पाटी तेव्हा तीन वर्षं मुकी होती. त्या कुणाला घेऊन आल्या आहेत, हे त्या दिवशी पाटी न वाचताही कळत होतं. मशीद पुढे बांधून झाली आणि २०१६मध्ये उघडली.

याच्या अगदी उलट वाट कोसोव्होनं धरली. १९९९च्या युद्धानंतर कोसोव्हो सर्बियाच्या हातून गेलं, २००८मध्ये त्यानं स्वातंत्र्य जाहीर केलं, सर्बियानं ते मानलं नाही. तेव्हा एकाच रस्त्यावर दोन तऱ्हेच्या पाट्या फिरू लागल्या. कोसोव्हो सरकारची 'आरकेएस' अक्षरांची, आणि सर्बियानं कोसोव्होतल्या शहरांच्या नावानं दिलेली. उत्तर कोसोव्होतले सर्ब ही दुसरी वापरत. अशा सुमारे दहा हजार गाड्या होत्या असं तेव्हाच्या बातम्यांत येत असे. 'आरकेएस' पाटीची गाडी सर्बियात शिरताना तिला तात्पुरती पाटी विकत घ्यावी लागे. सप्टेंबर २०२१मध्ये कोसोव्होनंही तोच नियम सर्बियाच्या पाट्यांना लावला आणि नाक्यांवर विशेष पोलीस उभे केले. सर्बांनी मालमोटारी आडव्या घालून रस्ते बंद केले. सर्बियाची लढाऊ विमानं हद्दीजवळून घिरट्या घालून गेली. गाडीच्या नंबरावरून, लक्षात घ्या.

तोडगा निघाला तो चिकटपट्टीचा. ४ ऑक्टोबर २०२१पासून नाक्यावर पांढरा स्टिकर घ्यायचा, समोरच्याला न रुचणारी अक्षरं आणि चिन्हं त्यानं झाकायची, पलीकडे जाऊन यायचं आणि सोलून टाकायचा. पण उत्तरेतल्या सर्बांनी पाट्या कायमच्या बदलाव्यात हा आग्रह सुरूच राहिला आणि नोव्हेंबर २०२२मध्ये तिथल्या सर्ब पोलिसांनी, न्यायाधीशांनी, लोकप्रतिनिधींनी एकदम राजीनामे दिले. त्याच महिन्यात ब्रुसेल्सला रात्री उशिरापर्यंत बोलणी चालून सर्बियानं अशा नव्या पाट्या देणं थांबवायचं कबूल केलं. पुढच्या वर्षाच्या अखेरीस उत्तरेतले सर्ब रांगा लावून 'आरकेएस' पाट्या घ्यायला लागले, आणि जानेवारी २०२४पासून दोन्ही बाजूंनी स्टिकरची अट काढून टाकली. म्हणजे तिथल्या पाट्या अजूनही बोलतात. फक्त त्या झाकून ठेवाव्या लागत नाहीत.

बोस्नियात २००९मध्ये पाटीचा नमुना बदलला. युरोपीय पद्धतीची निळी पट्टी डावीकडे आली आणि त्यावर 'बीआयएच' हे देशाचं नाव. क्रमांकाची रचनाही थोडी वेगळी झाली: एक अक्षर, दोन आकडे, पुन्हा अक्षर, मग तीन आकडे. दरम्यान अकरा वर्षं गेली होती, परदेशी सैन्य बरंचसं परतलं होतं, आणि नेत्यांची आपसातली भांडणं, शाळांमधल्या वेगवेगळ्या वर्गांपासून ते सैन्याच्या इमारतींच्या मालकीपर्यंत, चालूच होती. गावाचं नाव पाटीवर परत आणायची हीच संधी होती. आणलं नाही. अक्षरं तीच सात ठेवली.